‘तिकडं जेवणाचं काय?’

१

तीन वर्षांपूर्वी, वयाच्या साठाव्या वर्षी, मी क्रूझला जाणार असल्याचं गल्लीत सांगितलं तेव्हा पहिला प्रश्न आला तो हा. शेजारच्या काकूंनी विचारला, जाऊबाईंनी विचारला, दूध घालणाऱ्यानंही विचारला. भाडं किती, बोट बुडणार नाही ना, उलट्या झाल्या तर काय, हे प्रश्न नंतरचे. आधी जेवण. ‘बाई, तिकडं जेवणाचं काय?’

आमचं गाव अक्कलकोट. हे पाहुण्यांचं गाव. स्वामी समर्थांच्या दर्शनाला रोज हजारो माणसं येतात, गुरुवारी तर गल्ल्यांतून चालणं मुश्कील होतं. जगाचा प्रवास आमच्याकडे येऊन संपतो, त्यामुळे आपणही कुठं जावं, ही ओढ आमच्यात जरा कमीच. त्यात जिल्हा सोलापूर, म्हणजे पाण्याची आणि माणसाची भेट बहुधा टँकरपाशी. समुद्र आमच्या भूगोलातच नव्हता. मी एकतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. कान्होजी आंग्र्यांचं आरमार फळ्यावर काढलं, सुएझ कालवा नकाशात दाखवला, पण जहाजावर पाऊल ठेवलं नव्हतं.

पुण्याच्या लेकीनं तिकीट काढून दिलं. मुंबईहून गोवा आणि परत, तीन रात्री. मी गेले ते तिचं मन मोडू नये म्हणून. परत आले ती पुढच्या सहलीचे पैसे साठवायचे ठरवूनच. त्यानंतर एकदा लक्षद्वीप झालं, एकदा सिंगापूर. निवृत्तिवेतनातून हे परवडवताना दोन वर्षं दागिना नाही की घराला रंग नाही. लोकांना ते खूळ वाटतं, आणि त्यांचं अगदीच चूक आहे असं मी म्हणणार नाही.

पण तो जेवणाचा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना, कारण तो मी आधी ऐकला होता. १९७८ साली माझी आत्या हेच म्हणाली होती. आत्या बालविधवा, आमच्याच घरी राहायची. सोवळ्यातला स्वयंपाक स्वतः करून जेवायची, बाहेरचं पाणीसुद्धा घेत नसे. गिरगावात राहणाऱ्या काकांनी तिला मंगेशीचं दर्शन घडवायचं ठरवलं. तेव्हा मुंबईहून पणजीला कोकण बोट जात असे. आत्या हरखली. दोन दिवस लुगड्यांच्या घड्या घालत होती. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, ‘बोटीवर चूल मांडू देतात का?’ देत नाहीत म्हटल्यावर घड्या परत पेटीत गेल्या. ‘एक दिवस उपास करा,’ असं काका म्हणाले. ती म्हणाली, ‘उपास करीन रे, पण माझ्याभोवती सगळे जेवत असतील त्याचं काय?’

आत्या समुद्र न बघता गेली. जहाजावरून परतल्यावर मी जे वाचत सुटले, ते तिच्या त्या वाक्याचा अर्थ लावायला. आपल्याकडे समुद्रप्रवासाला बंदी होती, असं आपण शाळेत शिकतो आणि शिकवतो. मीही शिकवलं. पण ती बंदी नेमकी कशाला होती?

२

धर्मशास्त्रात समुद्रप्रवासाचा निषेध जुना आहे. बौधायन धर्मसूत्रात तो पतनाला कारण होणाऱ्या कर्मांत मोजला आहे. गंमत अशी, की त्याच ग्रंथात उत्तरेकडच्या लोकांच्या खास चालींच्या यादीतही समुद्रप्रवास येतो. म्हणजे लोक जात होतेच. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात समुद्रावर जाणाऱ्याचा उल्लेख आहे, तो श्राद्धाला कोणाला बोलावू नये याच्या यादीत. श्राद्ध म्हणजे शेवटी पान वाढणं आणि पंक्तीला बसवणं. पुढे मध्ययुगात ‘कलिवर्ज्य’ म्हणून ज्या गोष्टी सांगितल्या, त्यांत समुद्रप्रवास करून आलेल्या द्विजाला प्रायश्चित्त घेतल्यावरही पुन्हा व्यवहारात न घेण्याचा नियम आला. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात या साऱ्या वचनांचा सविस्तर परामर्श घेतला आहे.

ही वचनं एकापुढे एक ठेवली की एक गोष्ट दिसते. पाण्याबद्दल तक्रार फारशी नाही. प्रवासात संध्या-स्नान चुकतं, आचार सुटतो, ही कारणं आहेतच. पण सगळ्या शिक्षेचा रोख परत आलेल्या माणसावर आहे. त्याला कुठं बसवायचं, त्याच्या हातचं घ्यायचं का, त्याच्या मुलीला सून म्हणून स्वयंपाकघरात येऊ द्यायचं का. समुद्र स्वतः तर पवित्रच. नारळी पौर्णिमेला त्याला नारळ देतात, पर्वणीला त्यात स्नान करतात. मला याचा पुरावा घरातच मिळाला होता, पण तेव्हा कळला नाही. १९८४ साली शाळेची सहल गणपतीपुळ्याला नेली, तेव्हा मी आत्यासाठी बाटलीभर समुद्राचं पाणी आणलं. परक्याच्या घरचं पाणी न घेणाऱ्या त्या बाईनं ते डोळ्यांना लावलं आणि थेंबभर जिभेवरही ठेवलं. ‘खारट आहे गं,’ म्हणाली, आणि बाटली देवघरात ठेवली.

पाणी चालत होतं. चालत नव्हती ती बोटीवरची पंगत.

हे एकदा मनात आल्यावर जुने प्रसंग वेगळे दिसू लागले. १७८१ साली राघोबादादांचा वकील हणमंतराव हा ब्राह्मण इंग्लंडला पोचला. सोबत मणियार नावाचा पारशी वकील होता. तिथे एडमंड बर्क या पुढाऱ्यानं बीकन्सफील्डच्या आपल्या घरी त्यांची सोय केली. सोय म्हणजे काय, तर बागेतलं काचघर त्यांना रिकामं करून दिलं, म्हणजे स्वतंत्र रांधता यावं आणि नित्यकर्म करता यावं. इंग्लंडच्या संसदेतल्या नामांकित वक्त्याला मराठी पाहुण्याची पहिली गरज कळली ती चुलीची. एवढं सांभाळूनही परतल्यावर सोन्याच्या योनीतून बाहेर पडून नवा जन्म घेण्याचा विधी करावा लागला, असं विल्फर्ड या इंग्रज अभ्यासकानं नोंदवलं आहे. वकिलानं स्वतःच्या हातानं रांधून खाल्लं असेलही. पण पुण्याच्या पंगतीत त्याची साक्ष कोण देणार?

माझ्या गावाचा धागा इथेच येतो. अक्कलकोटचं संस्थान साताऱ्याच्या शाहू महाराजांनी मानलेल्या मुलाला, फत्तेसिंह भोसल्यांना दिलेलं. त्या साताऱ्याचे पदच्युत छत्रपती प्रतापसिंह यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते १८४०च्या सुमारास लंडनला गेले आणि दहा वर्षांहून अधिक काळ तिथे झगडत राहिले. दावा हरला. १८४८-४९मध्ये सातारा खालसा झालं आणि अक्कलकोटसारख्या जहागिरी थेट इंग्रजांच्या देखरेखीखाली गेल्या. त्या काळी लंडनला जाणं म्हणजे महिनोन्‌महिने परक्या पंगतीत बसणं किंवा तिच्याबाहेर उपाशी राहणं. रंगो बापूजींनी राज्यासाठी ते पत्करलं.

स्त्रियांच्या बाबतीत हा प्रश्न आणखी टोकदार होता, कारण घराचं सोवळं त्यांच्या हातात होतं. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून ‘सिटी ऑफ कलकत्ता’ बोटीनं निघाल्या. त्याआधी श्रीरामपूरच्या सभेत त्यांनी आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, असं जाहीर केलं. हे वचन बोटीवर रोज पाळायचं होतं ते ताटापाशी. अठरा वर्षांच्या मुलीनं, परक्या बायकांच्या सोबतीत, शाकाहार सांभाळत तो प्रवास केला.

त्यांचे पती गोपाळराव जोशी यांनीच पुढे माझ्या मुद्द्याचा सर्वांत पक्का पुरावा पुरवला. ऑक्टोबर १८९०मध्ये पुण्यात पंच हौद मिशनमध्ये व्याख्यान झालं. त्यानंतर जमलेल्यांपुढे चहा-बिस्किटं आली. कोणी प्यायले, कोणी नुसता पेला हातात धरला. गोपाळरावांनी हजर असलेल्यांची यादी ‘पुणे वैभव’ पत्रात छापवली. त्यात रानडे होते, टिळक होते. ग्रामण्य झालं, शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेलं, आणि शेवटी दोघांनाही प्रायश्चित्ताची वाट धरावी लागली. या साऱ्यात समुद्र कुठे आहे? मुळा-मुठेच्या काठी, घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, एका कपानं तेच केलं जे सात समुद्रांनी केलं असतं. पत्नीला सातासमुद्रांपार पाठवणाऱ्या माणसाला हे सर्वांत आधी समजलं होतं, असं मला वाटतं.

आणि ज्यांना ही पंगतच बंद होती, त्यांना समुद्राची बंदी तरी कसली? शिवाजी महाराजांच्या आणि आंग्र्यांच्या आरमारात कोळी, भंडारी, मुसलमान खलाशी होते. पुढच्या काळात इंग्रजी आगबोटींच्या भटारखान्यात आणि जेवणघरात गोव्याचे ख्रिस्ती आचारी-वाढपी भरले. मुंबईत धोबीतलावच्या आसपास त्यांचे ‘कूड’ होते. एका बोटीवरून उतरायचं, दुसरी मिळेपर्यंत तिथे राहायचं. पुण्याचा गृहस्थ ज्या जेवणाला भीत होता, ते शिजवत होते वेंगुर्ल्याच्या पलीकडचेच हात. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणाला जाताना जयपूरच्या माधोसिंह महाराजांनी ‘ऑलिंपिया’ ही अख्खी बोट भाड्यानं घेतली आणि चांदीच्या प्रचंड रांजणांतून गंगाजळ नेलं. पैसा असेल तर पंगत विकत घेता येते, एवढाच त्याचा अर्थ. १९१३ साली भीमराव आंबेडकर बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला निघाले, तेव्हा त्यांना बुडवायला असं कोणतं ताट समाजानं त्यांच्यापुढे ठेवलं होतं?

३

इथवर प्रवास कामाचा होता: वकिली, शिक्षण, नोकरी. मौजेचा नव्हता. नुसतं बोटीवर असणं ही मौज ठरली, त्याला एक व्यापारी अडचण कारण झाली.

उत्तर अटलांटिकवर हिवाळ्यात प्रवासी कमी होत आणि मोठ्या बोटी बंदरात बसून राहत. हांबुर्ग-अमेरिका कंपनीचे आल्बर्ट बालिन यांनी जानेवारी १८९१मध्ये ‘ऑगुस्टा व्हिक्टोरिया’ ही अशी रिकामी बोट भूमध्य समुद्रात फिरवायला पाठवली. सुमारे २४० प्रवासी होते. कुठे पोचायचं नव्हतं. निघालो तिथेच परत यायचं होतं. लोकांनी त्याचे पैसे दिले. आजच्या क्रूझची सुरुवात ही.

तीच गोष्ट पुन्हा घडली. १९५८पासून जेट विमानं अटलांटिक ओलांडू लागली आणि आठवड्याचा प्रवास काही तासांवर आला. प्रवासी बोटी एका दशकात निरुपयोगी ठरल्या. ‘फ्रान्स’ ही डौलदार बोट १९६२मध्ये धावू लागली आणि बाराच वर्षांत, १९७४ साली, बंदराला बांधून ठेवली गेली. १९७९मध्ये नॉर्वेच्या क्नुट क्लोस्टर यांनी ती घेतली, नाव ‘नॉर्वे’ ठेवलं आणि पुढच्या वर्षापासून ती कॅरिबियन समुद्रात सहलींना निघाली. पहिल्या नोकरीत बारा वर्षं, दुसऱ्या डावात वीसहून अधिक. २००६ साली ती मोडण्यासाठी आपल्या गुजरातेत अलंगच्या किनाऱ्याला लागली.

निवृत्त शिक्षिकेनं हे वाचून थोडं हसावं आणि थोडं ताठ बसावं, हे साहजिकच आहे.

आपल्या सोलापूरच्या इतिहासातही असा एक दुसरा डाव आहे. वालचंद हिराचंद १८८२ साली सोलापुरात जन्मले. किनाऱ्यापासून इतक्या लांबच्या, दुष्काळी जिल्ह्यातल्या या माणसानं नरोत्तम मोरारजी आदी भागीदारांबरोबर सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडून त्यांनी ‘लॉयल्टी’ ही बोट घेतली. तीही जुनी, १८९१ची, मूळची कॅनेडियन पॅसिफिक कंपनीची ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’. महायुद्धात ती इस्पितळ-जहाज झाली होती. ५ एप्रिल १९१९ रोजी ती मुंबईहून लंडनला निघाली. त्या तारखेलाच आपण राष्ट्रीय सागरी दिन पाळतो. आणि २०२१च्या सप्टेंबरपासून मुंबईहून नियमित सहली करू लागली त्या कॉर्डेलिया कंपनीच्या बोटीचं नाव ‘एम्प्रेस’. तीही १९९० साली दुसऱ्या कंपनीसाठी, दुसऱ्या समुद्रासाठी बांधलेली. २०१८मध्ये मुंबई–गोवा सुरू झालेली ‘आंग्रिया’ अशीच जपानमधून आलेली. आपल्या किनाऱ्यावरची मौजेची बोट बहुधा कुठूनतरी निवृत्त होऊनच येते.

मराठी माणसाच्या मौजेच्या आड मात्र आणखी एक गोष्ट होती. कोकण बोट ही आपली खरी बोट. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला. बंदराबाहेर बोट थांबायची आणि माणसं, बोचकी, कोंबड्या पडावात उतरायच्या. गणपती-शिमग्याला गिरणगाव तिच्यावरून घरी जात असे. ती गरजेची, गर्दीची बोट होती. १७ जुलै १९४७ रोजी, ऐन अमावास्येच्या दिवशी, मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बुडाली आणि सहाशेवर माणसं गेली. ज्या घरांत ती आठवण होती, तिथे बोटीचं नाव मौजेसाठी निघणं अवघडच होतं. पावसाळ्यात बंद राहणारी ही सेवा रस्ते सुधारल्यावर मागे पडली, नंतर कोकण रेल्वे आली. मधल्या एका पिढीला बोटच उरली नाही. मग क्रूझ आली, तीही निवृत्तिवेतनाच्या आणि परदेशी नोकरी करणाऱ्या मुलांच्या काळात. आमच्या वयाची माणसं तिच्यावर इतकी दिसतात, त्याचं कारण हे असावं.

४

आता माझ्या त्या पहिल्या संध्याकाळीकडे येते. बॅलार्ड पिअरहून बोट निघाली तेव्हा मला भीती वाटली नाही. भीती वाटली ती जेवणघराच्या दारात. गोल टेबलं, पांढरे कापड, आणि आमच्या टेबलावर लेक आणि मी सोडून सगळे अनोळखी: एक लुधियानाचं जोडपं, दोघी तमिळ बहिणी, आणि एक एकटे मुसलमान गृहस्थ, भिवंडीचे. शाकाहारी वेगळं मिळतं, जैन वेगळं मिळतं, ही सोय होती. पण एकाच टेबलावर कोणाच्या ताटात काय आहे ते दिसतंच. आत्याचं वाक्य कानात आलं: माझ्याभोवती सगळे जेवत असतील त्याचं काय?

वाढणारा मुलगा गोव्याचा, बार्देशचा. त्याचे आजोबाही बोटीवर आचारी होते, असं त्यानं सांगितलं. मी पिशवीतून शेंगाचटणीची पुडी काढली. आमच्याकडची, खलबत्त्यात कुटलेली, तेल सुटलेली. चोरून काढल्यासारखीच काढली. पण वास लपत नाही. लुधियानाच्या बाईंनी हात पुढे केला. मग पुडी टेबलभर फिरली. भिवंडीचे गृहस्थ म्हणाले, ‘सोलापूरची ना? आमच्या कारखान्यात तुमच्याकडचे विणकर होते.’ चादरी, माग, पद्मशाळी वस्ती, तिथून बोलणं सुरू झालं ते पान उचलेपर्यंत संपलं नाही.

रात्री डेकवर उभी राहून मी विचार करत होते, की हे मला इतकं का आवडतंय. समुद्र सुंदर होता, पण समुद्र किनाऱ्यावरूनही दिसतो. मला उत्तर मिळालं ते सकाळी. जाग आली पाचला, सवयीनं. आणि उठून करायचं काही नव्हतं. चहा ठेवायचा नव्हता, कणीक मळायची नव्हती. लग्न झाल्यापासूनच्या सदतीस वर्षांत मी सगळ्यांच्या जेवणाचं बघत आले. शाळा सांभाळून, सासूबाईंचं पथ्य सांभाळून, सण सांभाळून. कोण काय खाणार, कोण कुणाच्या शेजारी बसणार, हे बाईनं बघायचं. आत्यानं तेच राखलं, फक्त तिच्या वाट्याला त्यातली मोकळीक अजिबात आली नाही. जी पंगत आम्ही राखत होतो, तिच्याच दोरीनं आम्हीही बांधलेल्या होतो. समुद्रबंदीच्या इतिहासात प्रायश्चित्तं घेणाऱ्या पुरुषांची नावं आहेत. चुलीपाशी राहिल्यामुळे कुठेच न गेलेल्या बायकांची यादी कोणी ‘पुणे वैभव’मध्ये छापली नाही.

याचा अर्थ जुनं सारं संपलं असा नाही. क्रूझवरही काही मंडळी आपला गट सोडत नाहीत, आपलं टेबल बदलून मागतात. तिकीट परवडणाऱ्यांचीच ती पंगत, हेही खरं. खाली भटारखान्यात राबणारे हात वरच्या टेबलाला बसत नाहीत. यापेक्षा मोठी पंगत माझ्या गावात आहे, आणि ती मला बोटीवरून परत आल्यावर दिसली. अक्कलकोटच्या अन्नछत्रात १९८८पासून येईल त्याला जेवण मिळतं. कोण कुठला, हे न विचारता माणसं शेजारी बसतात. मी तिथे वर्षानुवर्षं गुरुवारी वाढायला गेले. बसले कधीच नव्हते. गावच्या माणसानं पाहुण्यांच्या पानाला कसं बसावं, असं वाटायचं. परतल्यावरच्या पहिल्या गुरुवारी मी वाढपाचं भांडं खाली ठेवलं आणि रांगेत जाऊन बसले. उजवीकडे कलबुर्गीचे एक शेतकरी होते, डावीकडे बीडहून आलेली एक लेकुरवाळी. डाळ गरम होती.

येत्या डिसेंबरात पुन्हा जायचं ठरतंय. या वेळी जाऊबाई बरोबर येतात. परवा त्या बॅग भरायला बसल्या आणि हात थांबवून म्हणाल्या, ‘ते सगळं खरं, पण तिकडं जेवणाचं काय?’

म्हटलं, ‘आपण करायचं नाही, एवढंच.’

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग उठून चटणीची पुडी बॅगेत घातली. चांगली मोठी बांधली होती, टेबलभर पुरेल एवढी.